मातीच्या खासगी बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाझर : माझा अनुभव
आमच्या शेतातील पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या बाहेरील पायथ्याशी पावसाळ्यात झरा फुटला. पेल्यात धरलेल्या पाण्याच्या तळाशी माती बसत होती, म्हणजे बांध आतून पोखरला जात होता. बाहेरून चिकणमाती थापून तो दोनदा बुजवला, तर दोन्ही वेळा हातभर बाजूला फुटला, तेव्हा अगदी रडकुंडीला आलो. या बाहेरच्या बाजूने पाणी नव्हे, फक्त माती अडवायची असते, हे उशिरा उमगले.

प्रथम पंपाने बांधामागच्या पाण्याची पातळी हळूहळू उतरवली (घाई केल्यास पाण्याकडचा उतार घसरतो). मग थापलेली माती काढून झऱ्यावर आधी स्वच्छ जाड वाळूचा, त्यावर बारीक खडीचा आणि शेवटी दगडांचा, असे वीत-वीतभर थर दिले. तिसऱ्या दिवशी पाणी नितळ आले. उन्हाळ्यात, पाणी आत शिरतानाच अडावे म्हणून, पाण्याकडील पायथ्याशी कठीण मुरमापर्यंत चर खणून ओलसर चिकणमाती 15 सेंटिमीटरच्या थरांत धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून) भरली.