किनारा आणि नदीकाठाने सहकुटुंब मोटारप्रवास : आखणी कशी करावी

किनाऱ्यालगतच्या प्रवासाची आखणी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकापासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिचा जोर सर्वाधिक असतो. त्यामुळे आज ओहोटीच्या वेळी मुले जिथे शिंपले वेचत आहेत, तिथे आठवडाभराने त्याच वेळी भरतीचे पाणी असू शकते.

त्यानंतर अंतराचा हिशेब किलोमीटरऐवजी तासांत मांडावा. खाडीपलीकडचे गाव डोळ्यांना दिसत असले, तरी पूल बराच आत असेल तर मोठा वळसा पडतो. मोटार नेणारी फेरीबोट असल्यास शेवटच्या फेरीची वेळ आधीच विचारून ठेवावी. दर दोन तासांनी थांबावे. मुले आणि वडीलधारी मंडळी दोघांनाही ते मानवते.

नदीकाठी मात्र अधिक सावध राहावे. डोक्यावरचे आकाश निरभ्र असतानाही वरच्या भागातील पावसाने किंवा धरणातून सोडलेल्या पाण्याने पातळी अचानक वाढते. नितळ पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या आणि पाचोळा वाहून येऊ लागला, की सामान आवरत न बसता सर्वांना तत्काळ उंचावर न्यावे.

गाडी ओल्या वाळूत उतरवू नये, आणि घरी परतल्यावर तिचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, कारण खारामुळे पत्रा लवकर गंजतो.