घरी बनवा रिव्हर्ब पेडल, पण बायपास आधी ठरवा

भीमजयंतीचा मंच असो की गणपतीतला ऑर्केस्ट्रा, उघड्या मंडपात आवाज परतायला भिंती नसतात, म्हणून गिटार कोरडी वाजते. रिव्हर्ब पेडल, म्हणजे आवाजाला घुमणं देणारी पायाजवळची पेटी, ती उणीव भरतं.

सामान: बेल्टन ब्रिक (बीटीडीआर-2एच, घुमणं तयार करणारं तयार मॉड्यूल), टीएल072 आयसी (आत दोन अँप्लिफायर), 7805 रेग्युलेटर, 1एन4007 डायोड, 50 केचा पॉट (घुमणं कमी-जास्त करायचं फिरतं बटण), दोन जॅक, नऊ पायांचा थ्रीपीडीटी खटका. रेझिस्टन्स 10 केचे पाच, 1 मेगचे तीन. कपॅसिटर 1 मायक्रोफॅरडचे तीन पॉलिएस्टर, 0.1 चे दोन, 47 आणि 100 चा एकेक (सगळे मायक्रोफॅरड). पेटी म्हणून वायरिंगच्या दुकानातला जीआय बॉक्स चालतो. प्लास्टिकचा डबा नको, भणभण येते.

1) 9 व्होल्ट डायोडमधून घ्या, लगेच 100 चा कपॅसिटर अर्थला. तिथून 7805 ला, आणि त्याचे 5 व्होल्ट फक्त ब्रिकला, आउटपुटवर 0.1 लावा. ब्रिक 100 मिलिअँपिअरपर्यंत ओढते, त्यामुळे छोटा 78एल05 तापतो आणि चौकोनी बॅटरी लवकर बसते.

2) दोन 10 केने 9 व्होल्टचे निम्मे करा, मधल्या सांध्यावरून 47 चा कपॅसिटर अर्थला. हे झाले 4.5 व्होल्ट.

3) गिटार 0.1 मधून टीएल072 च्या पहिल्या अर्ध्याला द्या. तिथे 1 मेगने 4.5 व्होल्ट. हा झाला बफर, म्हणजे आवाज न बदलता त्याला पुढे जायची ताकद देणारा भाग. त्याचा आवाज 10 केने मिक्सरला, म्हणजे दुसऱ्या अर्ध्याच्या मायनस पायाला, आणि 1 मायक्रोफॅरडमधून ब्रिकलाही. मिक्सरच्या फीडबॅकला 10 के, प्लस पायाला 4.5 व्होल्ट, बाहेर पडताना 1 मायक्रोफॅरड.

4) ब्रिकचं एक आउटपुट 1 मायक्रोफॅरडमधून पॉटला, पॉटचा मधला पाय 10 केने मिक्सरला. पॉटचं खालचं टोक 4.5 व्होल्टला जोडा. अर्थला जोडलंत तर मिक्सर एका टोकाला चिकटतो आणि आवाज फाटतो. ही चूक सर्वांत जास्त होते.

5) खटक्याच्या पायावर सोल्डरगन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आतलं प्लास्टिक वितळतं. दाबताना 'टप्प' वाजू नये म्हणून सर्किटच्या इनपुटला आणि आउटपुटला 1 मेग अर्थला.

आता बायपास, म्हणजे घुमणं बंद असताना गिटारचा आवाज कोणत्या वाटेने जातो ते. थ्रीपीडीटीने ट्रू बायपास केला की गिटार सर्किट वगळून थेट केबलवर जाते. साध्या केबलला मीटरमागे सुमारे 100 पिकोफॅरड धरा. गिटारपासून पेडलपर्यंत 6 मीटर आणि पुढे 6 मीटर, म्हणजे 1200 पिकोफॅरड. एवढ्याने पिकअपची धार बोथट होते. पेडल चालू केलं की बफर पुढची केबल सांभाळतो, आवाज उजळतो आणि श्रेय मात्र रिव्हर्बला जातं. शिवाय ट्रू बायपासमध्ये शेपटी, म्हणजे विरत जाणारं घुमणं, मध्येच तुटते.

उपाय सोपा: बफर कायम चालू ठेवा, साध्या खटक्याने फक्त ब्रिकचं इनपुट तोडा. घुमणं आपोआप विरतं. पण अडॅप्टरची पिन निसटली तर गिटारच गप्प होते. ट्रू बायपासमध्ये, खटका बायपासवर असेल तर, ती वाजत राहते. केबल लांब असेल तर बफर, तारा-सॉकेट सैल असतील तर ट्रू बायपास. फझ (आवाज मुद्दाम फाडणारं) पेडल असेल तर ते बफरच्या आधी.

घुमणं येत नाही, कोरडा आवाज येतो? आधी ब्रिकवर 5 व्होल्ट मोजा. 7805 ला 7 व्होल्टपेक्षा कमी मिळाले तर तो 5 धरत नाही. जनरेटरवर व्होल्टेज पडलं की अडॅप्टरकडून हेच होऊ शकतं.