पहिली सिगार घेताना

पहिली सिगार कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की मी ब्रँड सांगत नाही, आकार सांगतो. रोबुस्टो घ्या. लांबी साधारण 5 इंच, जाडी 50 रिंग. एक रिंग म्हणजे इंचाचा 64वा भाग, म्हणजे ही पाऊण इंचाहून थोडी जाड. ती संपायला पाऊण ते एक तास लागतो. तेवढी सवड नसेल, तर त्या दिवशी पेटवूच नका. 7 इंची चर्चिल पुढे कधीतरी.

रंगावरून कडकपणा ठरवू नका. काळपट मादुरोचं वरचं पान जास्त आंबवलेलं असतं, त्यामुळे कित्येकदा ती गोडसरच लागते. खरा कडकपणा आतल्या पानांत, विशेषतः झाडाच्या शेंड्याकडच्या लिगेरो पानांत असतो. दुकानात सरळ माइल्ड मागा. बाहेरचं पान कनेटिकट शेड, म्हणजे सावलीत वाढवलेलं फिकट पान असेल, तर सुरुवातीला तेच बरं.

माझ्या मते या छंदातला निम्मा आनंद ओल सांभाळण्यावर ठरतो. महागडी सिगार कोरडी पडली की तिखट लागते आणि भराभर जळते, जास्त ओली असली की ओढताना दम लागतो आणि सारखी विझते. अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबून पाहा. चरचरली तर कोरडी, दबून पुन्हा वर आली तर ठीक. आर्द्रता 65 ते 70 टक्के हवी. त्यासाठी लगेच लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे आर्द्रता राखणारी पेटी, घ्यायची गरज नाही. घट्ट झाकणाचा डबा, आर्द्रता 65 किंवा 69 टक्क्यांवर राखणारं पाकीट आणि आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर एवढं पुरे.

हायग्रोमीटर मात्र तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात पाण्याचे काही थेंब टाका. मीठ नुसतं ओलसर व्हावं, विरघळू नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 दिसायला हवा. 71 दिसला, तर तुमचं यंत्र 4 ने कमी दाखवतंय. डबा गार जागी ठेवा. पारा 25 अंशांच्या वर राहिला, तर तंबाखूतल्या किड्याची अंडी उबतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात.

कापताना फक्त टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, फार तर 2 मिलिमीटर. गोलाई संपते त्याच्या खाली गेलात, तर वरचं पान उलगडायला लागतं. पेटवायला ब्युटेनचा लायटर किंवा लांब काडी वापरा, पेट्रोलच्या लायटरचा वास चवीत उतरतो. ज्योत टोकाला टेकवू नका. जरा अंतरावर धरून सिगार फिरवत राहा, कडा सगळीकडून तांबूस झाली की मगच पहिला झुरका.

पुढे मिनिटाला एक झुरका. धूर तोंडात घोळवून सोडायचा, छातीत घ्यायचा नाही. घाई केलीत की ती तापते आणि कडू होते. रिकाम्या पोटी ओढू नका. भोवळ किंवा मळमळ वाटली तर सिगार खाली ठेवा आणि काहीतरी गोड खा.

छातीत घेत नाही म्हणून ती निर्धोक आहे, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग तिनेही होतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. म्हणून ती रोजची होऊ देऊ नका, आणि घरातल्यांसमोर बंद खोलीत तर नाहीच.

राख सारखी झटकू नका, इंचभर साठू द्या. शेवटच्या तिसऱ्या भागात चव जड होत जाते. नको वाटली की तिथेच थांबा. चिरडू नका, त्याने वास भपकन उठतो. राखदाणीत ठेवली की ती आपोआप विझते. मध्येच विझली तर राख झटकून तासाभरात पुन्हा पेटवता येते. उरलेली उद्यासाठी ठेवू नका, डब्यातल्या बाकीच्या सिगारींना तिचा वास लागतो.