खंबाटकीच्या चढावर ट्रक बंद पडला तर

पुण्याहून माल भरून साताऱ्याकडे निघालेली गाडी दगा देते ती बहुधा चढावर. अपघात किंवा क्लच-गिअरचा बिघाड सोडला, तर कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं: पाणी, डिझेल किंवा ब्रेकची हवा. यातलं नेमकं कोणतं, हे ठरवल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

त्याआधी गाडी नीट उभी करा. इंजिन गचके द्यायला लागलं की ते चालू असतानाच डाव्या कडेला घ्या. बंद पडल्यावर पॉवर स्टिअरिंग जड होतं, हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि ब्रेकच्या टाकीतली हवा मोजक्या ब्रेकांपुरतीच उरते. पार्किंग ब्रेक ओढा, गाडी चढावर असल्याने मागच्या चाकांच्या मागून लाकडी ठोकळे लावा. डावीकडे डोंगर असेल तर स्टिअरिंग डावीकडे वळवून ठेवा, म्हणजे गाडी मागे सरकलीच तर रस्त्यात येणार नाही. लाल त्रिकोण किमान सत्तर पावलं मागे ठेवा. मागे वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला वळायच्या आधीच दिसेल असा. झाडाची फांदी हा त्रिकोणाला पर्याय नाही, रात्री तर नाहीच. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 लावा आणि कुणालाही गाडीच्या मागे उभं राहू देऊ नका.

तापमानाचा काटा लालात गेला असेल तर प्रश्न पाण्याचा. वाफ किंवा पाण्याची धार दिसली तर इंजिन लगेच बंद करा. पाणी शाबूत असेल तर मात्र न्यूट्रलवर काही मिनिटं चालू ठेवलेलं बरं, पंखा उष्णता ओढून घेतो. रेडिएटरची कॅप अर्धा तास तरी उघडायची नाही. वरचा होस (रबरी पाइप) हाताला सोसवेल इतका निवल्यावर जाड फडकं धरून हळूहळू फिरवा. मग फॅन बेल्ट, होसच्या क्लिपा आणि वॉटर पंपाखालचा ओघळ पाहा. होस क्लिपेजवळ फाटला असेल आणि लांबी पुरत असेल, तर फाटका तुकडा कापून पुन्हा बसवता येतो. मधेच फाटला असेल तर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची आणि वर तार आवळायची. हा उपाय पुढच्या गॅरेजपर्यंतचाच. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो, म्हणून निवल्यावर, इंजिन हळू चालू ठेवून, थोडं थोडं भरा. पण त्यासाठी इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत उतरलंय, मग क्रेनच बोलवा.

स्टार्टर जोमात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर डिझेलकडे वळा. टाकीत डिझेल कमी असेल तर चढावर ते मागे सरकतं, सक्शन पाइप उघडा पडतो आणि गाडी हवा ओढते. टाकी पाव भरलेली असतानाही हे होतं. म्हणून घाटाआधी भरून घ्या. हवा काढण्याआधी ती कुठून शिरली ते शोधा: टाकीकडून येणाऱ्या पाइपचा जोड, तांब्याचा वायसर, फिल्टरचं सील. मग फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू एक-दोन फेरे सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझलकडचे एक-दोन नट सैल करून स्टार्टर मारला तरी चालतो. कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणाऱ्या नव्या गाडीत) मात्र ही युक्ती विसरा. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, बारीक धारही कातडीतून आत शिरते. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मग दोन मिनिटं विश्रांती.

बीएस-6 गाडीत जोर कमी पडतोय म्हणून डिझेल पाइप सोडायला बसण्यापूर्वी डॅशबोर्ड पाहा. युरिया संपत आला की गाडी स्वतःच ताकद घटवते. युरियाच्या टाकीत ठरलेलं डीईएफच (गाडीसाठीचं तयार युरियाचं द्रावण) घाला. शेतीचा युरिया पाण्यात कालवून घालणाऱ्याला पुढे सायलेन्सरकडची महागडी यंत्रणा बदलावी लागते.

आणि ब्रेकची हवा. प्रेशर उतरलं की मागची चाकं आपोआप जाम होतात, कारण पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. चालू इंजिनावर काटा काही मिनिटांत सात-आठ बारपर्यंत जायला हवा. जात नसेल तर इंजिन बंद करून कान द्या, फुसफुस ऐकू येईल तिथे साबणाचं पाणी लावा. चेसिसला घासून नायलॉन पाइप फाटणं हा नेहमीचा दोष. पाइप सरळ कापून त्याच मापाच्या जोडणीने जोडा. 8, 10 आणि 12 मिलिमीटरच्या जोडण्या टूलबॉक्समध्ये असाव्यात. पेडल दाबल्यावरच एखाद्या चाकाशी हवा सुटत असेल तर ब्रेक चेंबरमधला (चाकाजवळचा हवेचा डबा) डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, गेला.

धोक्याच्या वळणावरून गाडी ओढून हलवायचीच असेल, तर मागच्या चाकांच्या ब्रेक चेंबरच्या मागचा बोल्ट पान्याने फिरवून स्प्रिंग आत घेता येते. ठोकळे आधी लावा, कारण त्यानंतर पार्किंग ब्रेक राहत नाही. चेंबरची गोल पट्टी मात्र कधीही खोलू नका, आतली स्प्रिंग जीव घेते. एका चाकाची हवा बंद करून ‘परत पुण्यापर्यंत जाऊ’ म्हणणारे भेटतील. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अर्ध्या ब्रेकवर उतरायचा नसतो.

क्रेन लावायची झाली तर हूक अडकवण्याआधी भाडं ठरवा. मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढायचं असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडवा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये ऑइल नीट फिरत नाही. सोडण्याआधी जोडावर खडूची खूण करा, म्हणजे परत तसाच बसेल. माल दुसऱ्या गाडीत चढवला तर ई-वे बिलाच्या (मालासोबतच्या जीएसटी परवान्याच्या) पार्ट बीमध्ये नवा गाडी नंबर टाका. बिलाची मुदत संपत असेल तर ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवता येते.

गाडी सुरू झाली की ठोकळे आणि त्रिकोण गोळा करा. ठोकळे नव्हते म्हणून चाकाला दगड लावले असतील तर तेही उचलून रस्त्याबाहेर टाका. रात्री त्याच दगडावर दुचाकी जाते.