कीटोनची पट्टी: आमच्या घरची रीत

पोराला टाइप १ मधुमेह आहे. शुगर २४० च्या वर गेली किंवा ताप-उलटी लागली, की मी आधी लघवीतले कीटोन पाहते, म्हणजे इन्सुलिन कमी पडून चरबी जळते तेव्हा अंगात साठणारं आम्ल. जुन्या स्टीलच्या वाटीत ताजी लघवी, पट्टी बुडवली न् लगेच काढली, कडेला टेकवून थेंब निथळला. मग घड्याळ. आमच्या डबीवर १५ सेकंद लिहिलेत. तुमच्या डबीवरचे पाहा. पट्टीचा रंग दारात, उजेडात डबीवरच्या रंगांशी जुळवा. पिवळ्या बल्बखाली मी एकदा फसले आहे.

फिका गुलाबी असला तर पाणी पाजत राहा, दोन-तीन तासांनी पुन्हा पाहा. त्याहून गडद झाला किंवा उलटी थांबेना, तर एसटीची वाट न पाहता दवाखाना. पोरगं जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं नाही, बापा! अन् डबीचं झाकण घट्ट लावा. पावसाळ्यात ओल लागलेली पट्टी खोटं बोलते.