एक्सकॉम २ : सुट्टीतल्या मोहिमेआधी पलटणीची तयारी

परग्रहवासीयांशी लढणाऱ्या सैनिकांच्या पलटणीचा, चाल-चालीने खेळायचा एक्सकॉम २ हा व्हिडिओ गेम. दिवाळीच्या सुट्टीत त्याची नवी मोहीम सुरू करणार असाल, तर पहिल्या मिशनच्या आधीच एक गोष्ट मनाशी पक्की करा: सहा नव्हे, बारा जण वाढवायचे आहेत. मैदानात फार तर सहाच उतरतात, म्हणून बहुतेक जण त्याच सहांवर सगळे किल आणि सगळं चांगलं सामान खर्च करतात. मग एखाद्या वाईट मिशनमध्ये तिघं जखमी होतात, पुढचं मिशन लगेच समोर येतं आणि बाकावर उरतात ते कोरे रुकी, म्हणजे नवे भरती सैनिक. शत्रू मात्र मोहिमेच्या दिवसांबरोबर तगडा होत जातो, तुमच्या रुकींसाठी थांबत नाही. २०१७ च्या वॉर ऑफ द चोझन या विस्तारात तर थकवाही आला आहे. सलग मिशनांवर नेलेल्या सैनिकाची विल, म्हणजे मनोबल, घसरते, तो टायर्ड होतो, आणि तसाच पुन्हा पाठवला तर त्याला भीतीचे वाईट गुण चिकटतात. दुसरी फळी ही तिथे चैन राहत नाही, गरज होते.

म्हणून आधी एक वही घ्या. नाव, रँक, क्लास (म्हणजे सैनिकाचा प्रकार), किती दिवस जखमी, थकलाय की ताजा, एवढंच लिहा. कोथरूडला आम्ही मित्र आणि एक मावसभाऊ मिळून एकच मोहीम खेळतो, सैनिकांना आमचीच नावं दिलेली असतात, त्यामुळे प्रत्येकाला आपलाच माणूस प्रत्येक मिशनवर हवा असतो. वही समोर असली की तो वाद लवकर मिटतो. जो ताजा आहे आणि ज्याची रँक मागे आहे, त्याचा नंबर. नाव कुणाचं आहे ते बघायचं नाही.

तळावर गनिमी काव्याची शाळा, म्हणजे गुरिल्ला टॅक्टिक्स स्कूल, लवकरात लवकर बांधायला घ्या. एरवी रुकीला पहिल्या बढतीला कोणता क्लास मिळेल हे गेम ठरवतो. या शाळेत तो तुम्ही ठरवता, आणि रुकी एकही गोळी न झाडता स्क्वॉडी होतो, म्हणजे त्याच्या वरच्या रँकवर जातो. तिथली खुर्ची एक दिवसही रिकामी ठेवू नका. पलटणीतली पाचवी जागा याच शाळेत मिळते, पण त्यासाठी कुणीतरी सार्जंट झालेला लागतो. सहाव्या जागेसाठी कॅप्टन लागतो. माझ्या मते एकाला जरा पुढे ढकलण्याचं हे एकमेव योग्य कारण आहे: पहिला सार्जंट पटकन तयार करा, पाचवी जागा घ्या आणि ती नव्या माणसाला द्या. तिथे आणखी एक जुना बसवलात तर शिकायची जागा वाया गेली.

आता खरं काम, किल कुणाला द्यायचा. रँक मुख्यतः किलवर वाढते, त्यामुळे शेवटचा घाव कुणाचा हे चाल खेळण्याआधी ठरवा. रुकीचा नेम ६५ चा असतो. शत्रू पूर्ण आडोशामागे असेल तर त्यातले ४० जातात, अर्ध्या आडोशामागे असेल तर २०. उंचावरून मारलं तर २० वाढतात. म्हणजे रुकीला समोरासमोर गोळी झाडायला लावणं म्हणजे चाल वाया घालवणं. आधी जुन्यांनी शत्रूचा आडोसा उडवायचा, त्याची ताकद अर्ध्यावर आणायची आणि थांबायचं. मग रुकी बगलेतून किंवा छपरावरून येतो आणि काम संपवतो. ग्रेनेड कधी चुकत नाही, म्हणून एक-दोन घावांवर आलेला शत्रू रुकीच्या ग्रेनेडला ठेवावा. स्फोटात मेलेल्या शत्रूकडची लूट नष्ट होते. सुरुवातीच्या महिन्यात मी लूट सोडून बढती घेईन. शार्पशूटरला, म्हणजे लांबून नेम धरणाऱ्याला, मात्र आवरा. स्क्वॉडसाइटमुळे साथीदारांना दिसणाऱ्या शत्रूवरही त्याला लांबून गोळी झाडता येते आणि तो सगळ्यांच्या तोंडचे किल खातो. संपवू शकत असला तरी कधीकधी त्याला ओव्हरवॉचवर, म्हणजे शत्रू हलला तर गोळी झाडायच्या तयारीत, बसवणंच बरं.

आणखी एक, आणि हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: चालीतला शेवटचा माणूस नव्या जागेत पुढे सरकवायचा नाही. त्याला नवी टोळी दिसली, तर तिला आडोशाला पळायला फुकट चाल मिळते आणि उत्तर द्यायला तुमच्याकडे कुणी उरत नाही. नवे पोरगे बहुतेक असेच जातात, आणि गेलेला सैनिक परत येत नाही.

बढतीचे पर्याय ऐनवेळी निवडू नका. फळीत दोन स्पेशालिस्ट (ड्रोनवाले सैनिक) असतील तर कॉर्पोरल रँकला एकाला मेडिकल प्रोटोकॉल (उपचार) द्या, दुसऱ्याला कॉम्बॅट प्रोटोकॉल (हल्ला). ग्रेनेडियरला श्रेडर, म्हणजे चिलखत फाडणारा पर्याय, त्यावर फार विचार करायची गरज नाही. चुकलंच तर नंतर (वॉर ऑफ द चोझनमध्ये ट्रेनिंग सेंटरमध्ये, मूळ गेममध्ये अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर सेंटरमध्ये) पुन्हा शिकवता येतं, फक्त दिवस जातात.

वॉर ऑफ द चोझन खेळत असाल तर प्रत्येकाची कॉम्बॅट इंटेलिजन्स, म्हणजे लढाईतली हुशारी, तीही वहीत टिपा. ती जितकी वरची, तितके बढतीला जास्त अ‍ॅबिलिटी पॉइंट, ज्यांतून जादा कौशल्यं घेता येतात. जिनियस निघालेला रुकी बाकावर विसरला गेला तर मला मनापासून वाईट वाटतं. तळावर रेझिस्टन्स रिंग ही खोली बांधली की गुप्त कामगिऱ्यांवर माणसं पाठवता येतात, त्यातल्या काहींतून बढती मिळते. धोका मात्र वाचून पाठवा. दोन सैनिकांचा बाँड, म्हणजे मैत्रीची जोडी, जुळवताना एक जुना आणि एक नवा अशी जोडी बघा, दोघंही एकाच मिशनवर जातील असं नियोजन ठेवा.

साय ऑपरेटिव्ह, म्हणजे मनाच्या शक्तीने लढणारा सैनिक, किलवर वाढत नाही, तो तळावरच्या साय लॅबमध्ये दिवस काढून वाढतो. त्यामुळे त्याला सारखं मिशनवर नेऊन शिकणाऱ्याची जागा अडवू नका. शस्त्रं आणि चिलखताच्या मुख्य सुधारणा मात्र सगळ्या पलटणीला एकदम मिळतात, म्हणूनच मोहीम अर्धी झाल्यावरही नवा माणूस उभा करता येतो.

घरची तयारीही करा. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, तेव्हा डेस्कटॉपवर खेळणाऱ्यांनी यूपीएसची बॅटरी सुट्टीआधीच तपासा. बदलायची असेल तर तापकीर गल्लीत एक चक्कर मारा, पण लक्ष्मीपूजनाच्या गर्दीआधी. आयर्नमॅन या कडक खेळपद्धतीत एकच सेव्ह असतो आणि तो गेम स्वतः लिहितो. लिहिताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते, म्हणून रोज रात्री तिची प्रत पेनड्राइव्हवर काढा.

शेवटच्या मिशनला निघण्याआधी मात्र फळ्यांचा नियम बाजूला ठेवा. तिथून परत येऊन पुन्हा खेळायचं नसतं. सहाही जण ताजे आणि जखमा भरलेले हवेत, त्यात निदान एक मेडिकल प्रोटोकॉलवाला असावा. कुणी अजून जखमेतून सावरत असेल आणि अवतार प्रकल्पाची पट्टी (शत्रूची गुप्त योजना किती पुढे गेली ते दाखवणारी, भरली की मोहीम हरायची वेळ येते) परवानगी देत असेल, तर त्याची वाट बघा. पट्टी भरत आली असेल तर त्याच्या जागी दुसऱ्या फळीतला मेजर न्या.