घरी बनवलेलं सोलर पॅनल: एका खोलीचा लाईट-पंखा मीटरवरून काढायचा असेल तर

आधीच सांगतो, घरी बनवलेल्या एका पॅनलने अख्ख्या घराचं बिल शून्य होत नाही, फ्रिज-गिझर तर विसराच. पण एका खोलीचे दोन एलईडी बल्ब आणि एक १२ व्होल्टचा पंखा नक्की निघतो, आणि लाईट गेली तरी पोरांचा अभ्यास थांबत नाही, मला तरी तेवढ्यासाठीच हे करावंसं वाटलं.

हिशोब सोपाय. सिलिकॉनचा सेल लहान असो की मोठा, व्होल्टेज साधारण अर्धाच व्होल्ट देतो, आकार वाढला की फक्त करंट वाढतो. १२ व्होल्टची बॅटरी नीट चार्ज व्हायला पॅनलचे १८ व्होल्ट लागतात, म्हणून ३६ सेल एकामागे एक सिरीजमध्ये जोडायचे. ३ बाय ६ इंची सेल घेतले तर सगळे मिळून ६० वॅटच्या आसपास पॅनल होतं. चार-पाच सेल जास्तीचेच मागवा कारण ते पापडासारखे असतात, बोटाने जरा जोर दिला की कडकन तुटतात.

सेलची निळी बाजू निगेटिव्ह, मागची पॉझिटिव्ह. टॅबिंग वायरचे (सेल एकमेकांना जोडणारी चपटी तार) सेलच्या दुप्पट लांबीचे तुकडे कापायचे, निळ्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) फिरवायचा, तुकड्याचं अर्धं टोक तिथे सोल्डर करायचं आणि उरलेलं अर्धं पुढच्या सेलच्या पाठीला. सोल्डरिंग गन एकाच जागी दाबून धरू नका, हलक्या हाताने एकदाच ओढत न्या. प्रत्येक ओळ झाली की लगेच उन्हात धरून मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा, घाई करून सगळं चिकटवून टाकलं की मग चूक शोधणं फार जिवावर येतं. पॅनलला काही जोडलेलं नसताना ३६ सेलचे मिळून २०-२१ व्होल्ट दिसले पाहिजेत (वर सांगितलेले १८ हे काम चालू असतानाचे), शून्य आलं तर कुठेतरी जोड सुटलाय, आणि एखाद-दीड व्होल्ट कमी दिसला तर बहुतेक एक सेल उलटा लागलाय.

आता पेटी. माझं पहिलं पॅनल प्लायवूडवर होतं, वरून ॲक्रिलिक, आणि पहिल्याच पावसाळ्यात आत ओल शिरून सगळ्या टॅबा हिरव्या पडल्या, पंधरा दिवसांची मेहनत गेली, फार वाईट वाटलं. शिवाय सुटलेला जोड तापतो आणि खाली लाकूड असेल तर पेट घेऊ शकतो. त्यामुळे काच टफनचीच (तापवून मजबूत केलेली) घ्या, फ्रेम ॲल्युमिनियमची, स्लायडिंग खिडक्या करणारा फॅब्रिकेशनवाला मापाप्रमाणे कापून देतो. सेल, निळी बाजू काचेकडे करून, काचेवर पारदर्शक सिलिकॉन सीलंटमध्ये बसवायचे, बुडबुडा राहू द्यायचा नाही, कडा सगळ्या सील.

जोडताना पॅनल थेट बॅटरीला लावू नका, मध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा डबा) हवाच. त्याला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलटं. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ १० अँपचा फ्यूज टाका, बॅटरी हवेशीर जागी ठेवा. आणि हात जोडून सांगतो, ही लाईन घरच्या वायरिंगमध्ये कुठेही मिसळू नका. तुम्ही उद्या इन्व्हर्टर लावून ती सॉकेटमध्ये घातली तर लाईट बंद असताना करंट उलटा बाहेर जातो आणि डीपीवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेततं.

मिळतं किती? दिवसाला पाव युनिटच्या आसपास, महिन्याला सहा-सात युनिट. बिल खरंच खाली आणायचं असेल तर गच्चीवर १ किलोवॅटचं तयार सिस्टिम बसवा, ते आपल्याकडे दिवसाला चारेक युनिट देतं. केंद्राच्या पीएम सूर्यघर (गच्चीवरच्या सोलरच्या) योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा त्याहून जास्तला ७८ हजार सबसिडी आहे. घरी बनवलेलं पॅनल मात्र त्यात किंवा नेट मीटरिंगला (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करायची सोय) चालत नाही.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल १८-२० अंश. एका सेलवर सावली आली तरी सगळ्या ३६ चा करंट पडतो, म्हणून जागा ठरवताना पाण्याच्या टाकीची आणि डिश अँटेनाची सावली डिसेंबरमध्ये बघा, तेव्हा सूर्य खाली असतो आणि मे महिन्यात मोकळी वाटलेली जागा दुपारी तीनलाच सावलीत गेलेली असते.